खुलासा : लोवींच्या स्वप्नात अ‍ॅसिटिलकोलीन नव्हते

‘ऑटो लोवींना अ‍ॅसिटिलकोलीन स्वप्नात सापडले’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. (लोवी हे औषधशास्त्रज्ञ; अ‍ॅसिटिलकोलीन म्हणजे मज्जातंतूंचा संदेश पोचवणारे रसायन.) त्यांच्याच सांगण्यानुसार स्वप्नात सुचली ती फक्त प्रयोगाची मांडणी. बेडकाची दोन हृदये रिंगर द्रावणावर (शरीरद्रवासारख्या खारट पाण्यावर) धडधडत ठेवायची. एकाचा व्हेगस (हृदयाची गती मंदावणारा) मज्जातंतू शाबूत, दुसऱ्याचा काढलेला. पहिल्याच्या मज्जातंतूला काही मिनिटे विजेने चेतवून त्यातले द्रावण दुसऱ्यात घातले, तर तेही मंदावले. १९२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : व्हेगस चेतवल्यावर काही द्रव्य सुटते आणि तेच हृदय मंदावते. त्या द्रव्याची ओळख तेव्हा पटली नव्हती; ते अ‍ॅसिटिलकोलीन असल्याचे नंतर कळले. अ‍ॅसिटिलकोलीनचे गुणधर्म तर ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९१४ मध्येच तपासले होते. इतरांनी हाच प्रयोग केला की तो अनेकदा फसे; याचे एक कारण म्हणजे ऊतींतले एन्झाइम हे द्रव्य झपाट्याने तोडते. ईसेरीन हे रसायन ही तोड रोखते, हे लोवींनी १९२६ मध्ये दाखवले. १९३६चे नोबेलही दोघांना विभागूनच मिळाले.