मोगऱ्याला मीठ घालू नका हो!

"फक्त ५ गोष्टी करा, ७ दिवसांत मोगरा कळ्यांनी लगडेल" हा मेसेज तुमच्याकडेही फिरत आलाच असेल. मी बघून सोडून दिला होता, पण मावशीने तो मनावर घेतला आणि काल फोन करून विचारते, अगं पानांच्या कडा भाजल्यासारख्या का दिसतायत? आता बसा निस्तरत.

सगळ्यात डोक्यात जाणारा मुद्दा पहिलाच: "दर आठवड्याला कुंडीत २ चमचे एप्सम सॉल्ट घाला, नसेल तर साधं मीठ चालेल." नाही चालत! एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट आणि खायचं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, नावातलं सॉल्ट सोडलं तर दोघांचा काय संबंध? मातीत मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणजे माती ओली आणि झाड तहानलेलं, मग कडा करपतात, आपल्याला वाटतं ऊन लागलं आणि आपण कुंडी सावलीत सरकवतो. मावशीने साधं मीठ घातलं आणि अगदी हेच केलं.

बरं, खरंखुरं एप्सम सॉल्ट घातलं तरी काय? वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी यावर सविस्तर लिहिलंय. मॅग्नेशियम कमी असलेल्या शेतजमिनीत त्याचा उपयोग होतो, घरच्या बागेत सरसकट घालायला काहीही आधार नाही. आणि पान पिवळं पडलं की मॅग्नेशियमच कमी असं थोडंच आहे? कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोह कमी पडतंय.

"१० दिवस पाणी तोडा." यात थोडं तथ्य आहे, मान्य करते. छाटणीआधी ताण देतात, पण तो थंडी संपता संपता. भर उन्हाळ्यात कळ्या धरलेल्या झाडाचं पाणी तोडलं तर कळ्या गळणार, दुसरं काय.

चहाचा चोथा: साखर-दुधासकट टाकाल तर मुंग्या आणि बुरशी. धुऊन कंपोस्टमध्ये टाका, विषय संपला.

"घरात सावलीत ठेवा." मोगऱ्याला? त्याला रोज ५-६ तास ऊन लागतं, नाहीतर नुसती पानं वाढतात.

राहिले ते ७ दिवस. मोगऱ्याला फूल येतं नव्या फुटव्यावर. छाटायचं, फुटवा येऊ द्यायचा, मग त्याला कळी धरणार, आठवडे जातात त्यात.

मावशीला सांगितलंय, मातीवर जमलेली मिठाची पांढरी खपली खरवडून काढ, कुंडीच्या खालून पाणी वाहून जाईल इतकं ३-४ वेळा भरपूर पाणी घाल आणि कुंडी परत उन्हात ठेव. तिचं उत्तर: "अगं पण खाली ५ हजार लाइक होते."