आषाढातलं वाळवण

ठाण्यात आषाढ लागला की टॉवेल वाळत नाहीत, जीन्स वाळत नाहीत, छत्र्या तर थेट दिवाळीतच वाळतात. नेमक्या याच दिवसांत आमच्या गाडीने आतून भिजायचं ठरवलं. ही डावीकडच्या सीटवर बसली, पाय टेकवले आणि ‘पचक’ असा आवाज आला. तिने आधी चपलेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गाडीचं काहीही बिघडलं की माझ्याकडे पाहायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे.

काचा बंद, दारं बंद, टप शाबूत. मग पाणी आलं कुठून? उत्तर सोसायटीत प्रत्येकाकडे तयार होतं, फक्त वेगवेगळं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दार दोनदा उघडून लावलं आणि निकाल दिला, “रबर गेलं.” कुणाला एसीच्या नळीचा संशय होता. एक गृहस्थ थेट २६ जुलै २००५ वर गेले. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा इकडच्या माणसाला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ असतो. “आमची गाडी तेव्हा टपापर्यंत बुडाली होती,” ते म्हणाले. त्यापुढे माझी ओली मॅट काय सांगणार!

मेकॅनिकने मात्र आत डोकावूनही पाहिलं नाही. बोनेट उघडलं आणि वायपरखालची काळी जाळी उचकटली. पुढच्या काचेवरचं पाणी या जाळीतून खालच्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांमागे निघून जातं, असा सरळ हिशेब. पण आमची गाडी उभी असते गुलमोहराखाली. त्याची इवलीशी पानं जाळी अडवत नाही आणि भोक सोडत नाही. पन्हळीत काळाकुट्ट, मऊ चिखल साचला होता आणि त्यात पिंपळाचं एक रोप चांगलं दोन पानांवर आलं होतं. तुंबलेलं पाणी चढत चढत ब्लोअर जिथून बाहेरची हवा ओढतो त्या तोंडाशी पोचलं आणि आत उतरलं. ब्लोअर डाव्या बाजूला, म्हणून हिचे पाय.

मेकॅनिकने रोपाला हात घातला तशी गॅलरीतून आई ओरडली, “अरे, पिंपळ आहे तो! असा उपटू नकोस!” पुढची दुरुस्ती कुंडी सापडेपर्यंत थांबली.

भोकं मोकळी झाली. राहिली ती ओल. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, वरून कोरडं वाटेल, पण फसू नका. सगळं पाणी खालच्या फोममध्ये बसलंय.” सीट काढायची तर आधी बॅटरीची वायर सोडायची, आणि सीटखालच्या पिवळ्या सॉकेटला हात लावायचा नाही, तो एअरबॅगचा, अशी ताकीदही दिली. सीट त्यानेच काढली. खालून निघालेला फोम दोघांनी पिळला तर बादली भरली आणि तो होता तेवढाच जड राहिला.

सल्ले पुन्हा सुरू झाले. तांदूळ पसरा, म्हणे, मोबाईल वाळतो तसा. पायाखाली पाच किलो कोलम पसरायला ही तयार नव्हती. रद्दीचे पेपर अंथरले, तर टू बीएचकेची अख्खी जाहिरात उलट्या अक्षरांत राखाडी मॅटिंगवर उतरली. आईने धूप घातला. त्याने कुबट वास गेला नाही, त्याला फक्त थोडं पावित्र्य आलं. रात्रीत सीटबेल्टवर पांढरी बुरशी धरली ती वेगळीच. काचा उघड्या ठेवाव्यात तर बाहेरची हवा आतल्याहून ओली.

फोम हॉलमध्ये पंख्याखाली पसरला. आत्या आल्या, त्याची वेडीवाकडी कापाकापी बघून म्हणाल्या, “गालिचा घेतलात? पण उंदरांनी खाल्लाय गं हा!”

गाडीत राहिलेल्या ओलीवर खरा उपाय निघाला एसीचाच. एसी हवेतलं पाणी आतल्या गार कॉइलवर धरतो आणि नळीवाटे खाली टाकतो. सोबत हीटरही लावला की मॅटिंग तापून पाणी सोडतं. उघड्यावर गाडी चालू ठेवून, काचा लावून, मी आत घामाघूम बसून राहिलो. लिटरला शंभराच्या वर गेलेलं पेट्रोल जाळून मी मॅटिंग वाळवत होतो. पण थोड्याच वेळात गाडीखाली टपटप सुरू झाली, मग चांगली धार लागली. कार्पेटमधलं पाणी अखेर गाडीबाहेर पडताना दिसत होतं. इतका आनंद मला गाडीची डिलिव्हरी घेतानाही झाला नव्हता.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. वॉचमन.

“साहेब, बंद करा, बंद करा! गाडी गळतेय!”

मी काच खाली करेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरचे काका छत्री घेऊन खाली पोचले होते.

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” ते वाकून बघत म्हणाले, “रबर!”