सहा तुकडे आणि एक चित्र

ए-२ कागदावरचं वारली चित्र, आणि घरचा स्कॅनर ए-४! हिशेबाने चार तुकडे पुरावेत, पण जोडायला कडा एकमेकींवर चढवाव्या लागतात, म्हणून सहा. त्यात काचेभोवतीची चौकट कागद उचलून धरते. तिथली पट्टी काळपट, धूसर. रंग आपोआप सुधारण्याची सोय बंद करायची राहिली की गेरूच्या सहा छटा. आणि तुकडे आपोआप जोडणारं फोटोशॉपचं फोटोमर्ज? तारपा नाचातली माणसं त्याला सगळी सारखीच. एकाचा हात भलत्याच्याच खांद्याला नेऊन चिकटवतं. मग मास्क लावून, म्हणजे नको तो भाग झाकून, हाताने दुरुस्त करत बसा. कागद वरचं टोक खाली येईल असा फिरवून ठेवला तर त्याच्या पोताच्या सावल्याही उलट्या पडतात. आठवडाभर जपून काढलेली रेघ अशी मधेच तुटलेली बघवत नाही हो!