लोडिंग स्क्रीनवर विनोद करा, पण कामाचं खरं सांगा

'सिमसिटी २०००' हा १९९३ सालचा शहर वसवण्याचा गेम. त्यात नवी जमीन तयार होत असताना 'रेटिक्युलेटिंग स्प्लाइन्स' (म्हणजे साधारण 'वक्ररेषांचं जाळं विणतोय') अशी भारदस्त घोषणा व्हायची. गेमचे कर्ते विल राइट यांनी पुढे सांगूनच टाकलं की आत तसलं काही होत नव्हतं, ऐकायला छान वाटतं म्हणून ते शब्द घातले होते. मला हा विनोद मनापासून आवडतो. राइट यांच्याच 'द सिम्स' या गेममध्येही तो आला आणि चाहत्यांनी डोक्यावर घेतला. खेळायलाच बसलेल्या माणसाची थोडी करमणूक झाली, बिघडलं काय?

पण पैसे पाठवताना? खात्यातून रक्कम गेली की नाही ते कळत नाहीये आणि स्क्रीन म्हणतेय, 'आमच्या खारूताई धावताहेत!' अशा वेळी माणसाला एवढंच हवं असतं: व्यवहार कुठवर आलाय, ॲप बंद केलं तर चालेल का, पुन्हा बटण दाबलं तर दोनदा पैसे जातील का. घाबरलेल्या माणसाशी थट्टा करू नये, एवढी साधी समज ॲपलाही हवी.

त्याहून मोठी अडचण आतली आहे. लोडिंग स्क्रीनवरचे हे गमतीदार मेसेज बहुतेक वेळा नुसत्या टायमरवर बदलत असतात, प्रत्यक्ष कामाशी त्यांचा संबंध नसतो. सर्व्हर गप्प झाला तरी दर काही सेकंदांनी नवा विनोद येतच राहतो आणि आपल्याला वाटतं, चाललंय काहीतरी. ही मला सरळ फसवणूक वाटते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला तर यातली प्रत्येक ओळ मोठ्याने ऐकावी लागू शकते, आणि हवी ती माहिती त्यात नसतेच.

किती टक्के काम झालं ते दिसलेलं लोकांना आवडतं, हे संगणक-संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी सांगितलेली प्रतीक्षेची मर्यादाही जुनीच आहे: १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं.

म्हणून डेव्हलपर मंडळींना कळकळीची विनंती. गंमत ठेवा, पण तिच्याखाली '३४० पैकी १२० फाइल्स झाल्या' अशी खरी ओळ द्या. दहा सेकंद उलटले की गंमत थांबवा, काय अडलंय ते लिहा आणि 'रद्द करा'चं बटण दाखवा. आणि पैशांच्या किंवा तब्येतीच्या स्क्रीनवर विनोद मुळीच नको.