बंद घरातले चार युनिट

गेल्या महिन्यात दादाने दाभोळच्या घराचे वीजबिल कुटुंबाच्या गटावर टाकले आणि खाली लिहिले, "बंद घरात चार युनिट कोण जाळतंय, सांगेल का कुणी?" आई पुण्याला त्याच्याकडे राहायला गेल्यापासून ते घर बंद आहे, मे महिन्यात आणि जमल्यास गणपतीत कोणीतरी जाऊन कुलूप काढते, कौले परतवून घेते, एवढेच. बिल दोनशे रुपयांच्या आतले होते आणि त्यातही बहुतेक सगळा स्थिर आकारच होता, पण रक्कम लहान म्हणून भांडण लहान, असे आमच्या घराण्यात कधी घडलेले नाही. नवा मीटर पळतो, हा पहिला आरोप झाला. मग बंद घराला स्थिर आकार लावणे ही लूट असल्याने मीटर काढूनच टाकावा, असा प्रस्ताव आला. शेवटी दादा आपल्या आवडत्या सिद्धान्तावर आला: कोकणातल्या एकेका वाडीपर्यंत खांब नेणे कोणत्याच हिशेबात बसत नाही, पुण्या-मुंबईचे ग्राहक बिले भरतात म्हणून तिथले दिवे लागतात, तेव्हा ज्याला टोकाला राहायची हौस आहे त्याने आपल्या छपरावर सोलर लावावा. दोन चुलतभावांनी अंगठे उंचावले. मी विरोध केला तेव्हा उत्तर आले, "तुला काय कळणार? तुमच्याकडे वीज जातच नाही."

हे वाक्य मला इतके लागले की मी त्या दिवशी पुढे काही लिहिलेच नाही. जे लिहायचे होते ते इथे लिहिते आहे.

"तुमच्याकडे" म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीत, किलरश आणि किलिमर यांच्या मधल्या रस्त्यावर. आमच्या घरापासून सर्वांत जवळचे घर चालत सात मिनिटांवर आहे. 24 जानेवारी 2025 रोजी एओविन वादळ आले, वाऱ्याने ताशी 180 किलोमीटरच्या वरचा वेग गाठून देशाचा जुना उच्चांक मोडला, आणि एका सकाळीत 7 लाख 68 हजार ग्राहकांची वीज गेली. आमची सहाव्या दिवशी आली. गॉलवे आणि मेयोमधल्या काही घरांना दोन आठवड्यांहून जास्त थांबावे लागले, त्या मानाने आम्ही सुदैवी. गावाकडच्या घरात वीज गेली की नुसता दिवा जात नाही. आमचे पाणी स्वतःच्या बोअरचे असल्यामुळे पंपाबरोबर नळही गेला. बॉयलर केरोसीनवर चालतो, पण त्याला पेटायला वीजच लागते, म्हणजे टाकीत सहाशे लिटर तेल असताना आम्ही कुडकुडत बसलो. मोबाइलचा टॉवर दुपारपर्यंत तग धरून मग बंद पडला. फ्रीझरमध्ये लिमरिकहून आणून ठेवलेली खोवलेल्या नारळाची चौदा पाकिटे होती. चौथ्या दिवशी ती टाकून देताना मला जे वाटले ते कोकणी माणसालाच कळेल.

त्या सहा दिवसांत आम्हाला तारले ते बैठकीतल्या शेगडीने आणि शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरवरून आणून दिलेल्या टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, सात पोत्यांनी. त्याच शेगडीवर भात शिजला, त्याच शेगडीवर डोंगराएवढ्या पातेल्यात आंघोळीचे पाणी तापले.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा आई दाभोळला एकटी होती आणि मी इथे टाळेबंदीत अडकलेली होते. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत कित्येक आठवडे वीज नव्हती. आमच्या वाडीत ती पंचविसाव्या दिवशी आली, कारण मुख्य वाहिनी आधी उभी करायची आणि टोकाची वाडी शेवटी, हा क्रम जगात सगळीकडे एकच आहे. आई पुढे सांगायची की वायरमन एक आणि गावे अकरा, त्यामुळे वाडीतल्या पोरांनीच खांब दोर लावून चढणीवर ओढले आणि वायरमनला जेवायला आळीपाळीने घरे वाटून दिली. इथे एओविननंतर युरोपातल्या दुसऱ्या देशांमधून तंत्रज्ञांच्या तुकड्या विमानाने आणि बोटीने आल्या, गावागावांत सभागृहे उघडून गरम पाणी आणि चार्जिंगची सोय झाली, भ्रमणध्वनीवर नकाशा होता आणि त्यावर आपला ठिपका कधी उजळणार याची तारीख होती. ती तारीख तीनदा पुढे ढकलली गेली, पण होती. हा फरक मी मान्य करते, आणि दादाला सांगताना थोडा मिरवलाही असेल. मात्र पंचवीस दिवस आणि सहा दिवस यांच्यामधला हा फरक यंत्रणेचा आणि पैशाचा आहे. टोकाला राहणाऱ्याने शेवटी थांबायचे, ही व्यवस्था दोन्हीकडे तीच आहे.

आता खर्चाचे बोलू, कारण दादाला आकडे आवडतात. आम्हाला एका युनिटला 35 सेंटच्या आसपास पडतात, म्हणजे पस्तीस रुपयांच्या घरात. महाराष्ट्रात पहिल्या शंभर युनिटांना वहन आकार धरून सहा रुपयांच्या आसपास पडतात. शिवाय आम्हाला स्थिर आकार आहेच, वर्षाला साधारण तीनशे युरो, घर उघडे असो की बंद. आमच्या बिलाच्या कोपऱ्यात "डीजी 2" अशी खूण असते. तिचा अर्थ ग्रामीण घर. शहरी घराला डीजी 1. या एका आकड्याच्या फरकामुळे आमचा स्थिर आकार गावाबाहेरच्या अंतरासाठी शहरापेक्षा जास्त लागतो. दादाचे स्वप्न इथे अर्धेमुर्धे अमलात आलेले आहे म्हणायचे.

आणि हा वाद इथेही नवा नाही. 1946 मध्ये आयर्लंडने खेड्यांचे विद्युतीकरण हाती घेतले तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी आधी होकार देऊन नंतर माघार घेतली, आणि त्यांचे कारण दादाचेच होते: वापरली नाही तरी भरायची ती ठरावीक रक्कम. ती घराच्या आणि गोठ्यांच्या क्षेत्रफळावर मोजत असल्याने मोठ्या गोठ्याचा धनी जास्त कचरत असे. गंमत म्हणजे याच क्लेअरमध्ये शॅनन नदीवर आर्डनाक्रुशाचे जलविद्युत केंद्र 1929 पासून चालू होते. त्याची वीज डब्लिनला पोचली, पण क्लेअरच्या खेड्यांमध्ये त्यानंतर वीस-वीस वर्षे रॉकेलचे दिवे होते. केवळ परवडण्याचा हिशेब मांडला असता तर ते आजही असते. सरकारने खर्चातला वाटा उचलला म्हणून खांब आले.

शहराच्या जिवावर खेडे उजळते, हे वाक्य ऐकले की माझे डोके फिरते ते एवढ्याचसाठी. आमच्या मागच्या दारातून मनीपॉइंट वीज केंद्राच्या दोन चिमण्या दिसतात, प्रत्येकी 218 मीटर उंच. 915 मेगावॉटचे हे केंद्र ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून कोळशावर चालत होते, आणि त्याच्या 400 केव्हीच्या वाहिन्या आमच्या डोक्यावरून सरळ पूर्वेकडे, डब्लिनच्या दिशेने जातात. वादळाच्या सहाही रात्री मी त्या मनोऱ्यांकडे पाहत मेणबत्ती लावत होते. 2023 मध्ये या देशातल्या मोजलेल्या विजेपैकी 21 टक्के वीज डेटा सेंटरांनी वापरली, शहरी घरांनी 18 टक्के आणि सगळ्या ग्रामीण घरांनी मिळून 10. मग ओझे कोणाचे, ते दादाने सांगावे. त्याने गटावर टाकलेले बिलाचे छायाचित्रसुद्धा अशाच कुठल्यातरी कोठारात पडून असेल.

दाभोळच्या माणसाला तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. आमच्या धक्क्यावर उभे राहिले की वाशिष्ठीच्या मुखापलीकडे अंजनवेलचा वीज प्रकल्प दिसतो. 1999 मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाला, 740 मेगावॉटचा. 2001 मध्ये तिथली वीज परवडत नाही म्हणून राज्य वीज मंडळाने ती घेणे थांबवले आणि त्याच वर्षअखेरीस तो उभारणारी एन्रॉन कंपनीच बुडाली. दहावीच्या वर्षी मी कंदिलाशी अभ्यास करायचे आणि समोर खाडीपलीकडे तो सगळा झगमगाट असायचा, हे दादाच्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. पोफळीला कोयनेची यंत्रे आमच्याच जिल्ह्यात फिरतात, ते वेगळेच. दाभोळहून धोपाव्याला जशी गाड्या घेऊन फेरीबोट जाते तशीच इथे किलिमरहून टार्बर्टला जाते, आणि या बोटीतूनही वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. इथे घर घ्यायचे ठरले तेव्हा मी नवऱ्याला भाडे, शाळा, त्याच्या कारखान्याचे अंतर अशी शहाणी कारणे सांगितली होती. खरे कारण त्या बोटीत ठरले होते, आणि ते मी अजून त्याला सांगितलेले नाही.

राहता राहिला धूर. जून 2025 मध्ये मनीपॉइंटने कोळसा जाळणे थांबवले आणि आयर्लंड कोळशाच्या विजेतून मोकळा झाला. आता हे केंद्र गरज पडलीच तर 2029 पर्यंत जड तेलावर चालवायला राखून ठेवले आहे. ही बातमी मी मोठ्या ऐटीत गटावर टाकली होती आणि "चंद्रपूर, कोराडी कधी?" असा खोचक प्रश्नही जोडला होता. त्याला उत्तर म्हणून दादाने काही न बोलता त्याला मी दोन वर्षांपूर्वी पाठवलेले आमच्या शेगडीचे छायाचित्र परत पाठवले. मी चिडले, आणि मग वही घेऊन बसले. आमचा वर्षाचा विजेचा वापर चार हजार दोनशे युनिटांच्या आगेमागे आहे. इथली वीज आता बरीचशी वाऱ्याची असल्यामुळे त्याचा कार्बन साधारण एक टन होतो. केरोसीन मात्र वर्षाला पंधराशे लिटर जाते आणि लिटरमागे अडीच किलो धरले तर पावणेचार टन तिथेच झाले. टर्फ धरलाच नाही, कारण तेवढ्याच ऊबेला तो कोळशाहून जास्त कार्बन सोडतो आणि मला ते पोत्यांत मोजायचे धैर्य झाले नाही. दाभोळचे चार युनिट कोळशाचेच आहेत असे समजले तरी महिन्याला तीन-चार किलो होतात.

विजेवर घर तापवणारा हीट पंप बसवा, असे इथले शहरी लोक सांगतात. बसवू, पण ऐंशी वर्षांच्या या दगडी घराच्या भिंती आधी आतून गुंडाळाव्या लागतील आणि त्याचा आकडा ऐकून नवरा दोन दिवस गप्प होता. शिवाय जो एकदा सहा दिवस विजेविना राहिला आहे त्याला घरातली प्रत्येक ऊब विजेवर टाकायला सांगणे सोपे नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला तर मी हे सांगणारही नाही. त्याच्या बापाचा दलदलीतला तुकडा आहे, तो दरवर्षी उन्हाळ्यात तिथे जातो. आता कमरेने वाकवत नाही, तरी जातो.

बंद घरांबद्दलही दादाला वाटते की ही पीडा फक्त कोकणाची. आमच्यापासून जवळ किलकी आहे, लिमरिकच्या लोकांचे समुद्रावरचे गाव. ऑक्टोबर ते मार्च तिथल्या गल्लीच्या गल्ल्या अंधारात असतात आणि सगळ्यांचा स्थिर आकार चालू असतो. 2022 पासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत सरकारने विजेच्या बिलात सूट म्हणून प्रत्येक घरगुती मीटरला सरसकट पैसे दिले, तेव्हा या कुलूपबंद सुट्टीघरांनाही ते मिळाले आणि पेपरांतून त्यावर सडकून टीका झाली. मीही त्या टीकेत सामील होते. ज्याला दोन घरे परवडतात त्याला कसली सूट, असे मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर म्हणाले, आणि समोरची बाई माझ्याकडे पाहून हसली, कारण भिंतीवर माझ्या जागेशेजारी दाभोळच्या घराचा फोटो लावलेला आहे.

चार युनिटांचा उलगडा मला झाला आहे. मीटर पळत नाही. मी शेजारच्या काकूंना फोन केला तेव्हा त्या आधी गडबडल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, तिन्हीसांजेला तुमची ओटी काळोखी दिसते ना, बघवत नाही. म्हणून किल्ली आहे माझ्याकडे तर लावते दिवा, निजताना घालवते. तुम्हाला बिल येतं काय त्याचं?" ओटीवर अजून जुना चाळीसचा पिवळा बल्ब आहे, रोज साडेतीन तास धरले तर महिन्याला साधारण चार युनिट होतात. मी त्यांना म्हटले, बिल काही येत नाही, लावत जा. नऊ वॉटचा एलईडी पाठवते, एवढे मात्र म्हणाले नाही, आणि का म्हणाले नाही ते माझ्या पावणेचार टनांच्या हिशेबात कुठे लिहावे ते मला सुचलेले नाही.

दादाला मी एवढेच कळवले की मीटर काढायचा नाही, यापुढे दाभोळचे बिल माझ्या नावावर टाक. त्याने लगेच विचारले, "मग चार युनिटांचं काय निघालं?" मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही. इथे आज साडेचारलाच अंधार पडला आहे आणि वारा पुन्हा वाढतो आहे. मी आत जाऊन दोन बादल्या पाणी भरून ठेवते.