डेलियाला फूल न आल्याच्या तक्रारीवर नर्सरीचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार अशी, की ऑक्टोबरमध्ये आमच्याकडून नेलेल्या डेलियाच्या कंदाचं रोप कमरेएवढं झालं, दर रविवारी चमचाभर युरिया घातला, तरी संक्रांतीपर्यंत एक कळी नाही; म्हणजे आम्ही जुना माल गळ्यात मारला आणि आता पैसे परत हवेत. सोबत फोटो टाकलात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या फोटोतच दिसतंय.

डेलियाचा कोंब कंदाच्या पोटातून येत नाही. जुन्या खोडाला कंद जिथे चिकटलेला असतो, तिथल्या मानेवरच्या डोळ्यातून येतो. डोळा मेलेला कंद कुंडीत नुसता पडून राहतो नाहीतर कुजतो, आणि असा कंद आम्ही विनातक्रार बदलून देतो. तुमचा कंद फुटला, कमरेएवढा वाढला. तो चांगलाच होता, त्यामुळे पैसे परत देणार नाही. रोप मात्र वाया जाऊ द्यायचं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, बाकी स्फुरद (फॉस्फरस) नाही की पालाश (पोटॅश) नाही. नत्र मिळत राहिलं की डेलिया पानं आणि फांद्याच वाढवत बसतो. फोटोतली काळपट हिरवी, मोठाली पानं आणि लुसलुशीत देठ हीच त्याची खूण. अशा कोवळ्या शेंड्यावर मावा ही रस शोषणारी कीडही लवकर बसते, तेव्हा पानं उलटून बघा. युरिया आजपासून बंद. एकदा कुंडीच्या भोकांतून भरपूर पाणी वाहून जाईल असं पाणी द्या, मग वरची माती सुकेपर्यंत थांबा. दोन आठवड्यांनी लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम 0:0:50 (नत्र-स्फुरद नसलेलं, नुसत्या पालाशचं खत) विरघळवून मातीत द्या, पुढेही दोन आठवड्यांच्या अंतराने. हाडांचा चुरा आता घालू नका. तो हळूहळू विरघळतो, त्याची जागा लागवडीच्या मातीत.

दुसरं कारण मला उन्हाचं वाटतं. तुम्ही लिहिलंय, बाल्कनी उत्तरेला आहे पण ‘ऊन भरपूर येतं’. मुंबई 19 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. तेव्हा उत्तरेच्या ग्रिलमध्ये खरंच ऊन येतं. डिसेंबर-जानेवारीत तो दक्षिणेकडून जातो आणि त्याच ग्रिलमध्ये थेट ऊन जवळपास शून्य. डेलियाला रोज निदान सहा तास ऊन लागतं, आणि आपल्याकडे त्याचा हंगाम नेमका याच महिन्यांत. उन्हाळ्यातलं ऊन आठवून कुंडीची जागा ठरवणारे कितीतरी ग्राहक मला भेटतात, आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटते, कारण झाड अगदी निरोगी असतं. दक्षिणेची खिडकी असेल तर आजच कुंडी तिकडे न्या. गच्चीवर ठेवायला सोसायटीची परवानगी मिळाली तर त्याहून उत्तम.

कळ्या आल्या की बहुधा तीन-तीनच्या झुबक्यात येतील. मोठं फूल हवं असेल तर मधली ठेवून बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा. घरभर फुलं हवी असतील तर राहू द्या. शेंडा मात्र आता खुडू नका. ते रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या असताना करायचं काम, आता खुडलात तर फूल आणखी लांबेल आणि मार्चचं ऊन झाडाला सोसत नाही. सुकलेली फुलं काढतानाही जपून: गोल, चपटी असते ती नवी कळी, टोकदार असतं ते सरलेलं फूल. घाईत लोक हमखास कळीच तोडतात.

घरात दक्षिणेचं ऊन कुठेच नसेल तर कुंडी आमच्याकडे आणून ठेवा. नर्सरीत दिवसभर ऊन असतं, आमचे माळीकाका पाणी-खत बघतील, पैसे लागणार नाहीत. कळ्या रंग दाखवू लागल्या की घरी न्या. रिक्षातून आणताना आधाराची काठी काढू नका आणि कुंडी उभीच धरा. डेलियाचं खोड आतून पोकळ असतं, एका धक्क्यात मोडतं.