खमंग म्हणजे कुरकुरीत नव्हे

पाककृतींच्या पोस्टींमधून एक समज फिरतोय: 'खमंग' म्हणजे कुरकुरीत, चटपटीत, तळणीच्या पदार्थाचा शब्द. काही जण तर तो ढोकळ्याच्या 'खमण'वरून आला असंही सांगतात. रोज स्वयंपाक करताना हा शब्द तोंडी असलेल्या मला हे फार खटकतं.

कुरकुरीत म्हणता, तर खमंग काकडी आठवा. चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, लिंबू, चिमूटभर साखर, वर तूप-जिऱ्याची फोडणी. पानात वाढेपर्यंत तिला पाणी सुटलेलं असतं. तरी ती खमंग, कारण दाणे भाजलेले आणि जिरं तडतडलेलं. कच्च्या दाण्यांचं कूट घालून बघा, नुसती कोशिंबीर उरते.

चटपटीत म्हणाल, तर बेसनाचा लाडू गोड असतो. मंद आचेवर तुपात बेसन सुरुवातीला जड असतं, वासही कच्चट. हात भरून येईपर्यंत परतत राहायचं. मग ते हलकं होतं, तूप सोडू लागतं, आणि बाहेरच्या खोलीतून कुणीतरी विचारतं, "लाडू करतेयस का गं?" आई रंगापेक्षा त्या वासावर भरवसा ठेवायची. 'बेसन खमंग भाजा' म्हणतात ते याच टप्प्यासाठी. तिथे 'कुरकुरीत भाजा' म्हणून बघा.

तेलाचीही अट नाही. थालीपिठाची भाजणी कोरडीच भाजतात, आणि प्रत्येक धान्य-डाळ वेगळी; एकत्र टाकली तर जिरं जळतं आणि हरभऱ्याची डाळ कच्ची राहते. उष्णतेने प्रथिनं आणि साखर यांच्यात जी प्रक्रिया होऊन हा वास सुटतो, ती फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मैयार यांनी १९१२ मध्ये मांडली. उकडीच्या मोदकाला, कितीही सुरेख झाला तरी, कुणी खमंग म्हणत नाही. ढोकळाही वाफवलेलाच, त्यात खमंग असते ती वरची मोहरी-हिंगाची फोडणी. दोन शब्द कानाला जवळचे वाटले, एवढ्यावर नातं जुळत नाही.

'कुठलाही छान वास' हा अर्थही सैल आहे. आंब्याची अढी घमघमते, मोगरा दरवळतो. खमंगाला विस्तव लागतो. 'खमंग चर्चा' म्हणतो तेव्हाही स्वयंपाकघरातल्या वासासारखे शेजाऱ्यांचे कान तिकडे ओढले जातात.

खमंगच्या पुढे खरपूस, त्यापुढे करपट. बेसनाच्या कढईत या तिघांमध्ये फार थोडी मिनिटं असतात.